रेंजचा चिरा

मी चिरा बोलतोय. दगड बोलतो म्हणून दचकू नका. गेली काही वर्षं माझ्यावर बसून माणसं इतकं बोलली आहेत, की त्यातलं थोडंफार मलाही आलं. जांभ्या दगडाचा, हातभर लांब, तांबडा, अंगभर बारीक भोकं आणि उजव्या कोपऱ्याने फुटका, असा दिसेल तो मी. पत्ता विचाराल तर देवगड तालुका, समुद्राच्या डोक्यावरचा सडा, करवंदीच्या जाळीशेजारी. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सरपंचबाईंना वाईट वाटेल, आणि बाई तशा स्वभावाने चांगल्या आहेत.

सडा तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. मैलभर उघडा कातळ, झाडाचं नाव नाही. पावसात चार दिवस गवत आणि फुलं, बाकी वर्षभर ऊन आणि वारा. एका बाजूला खाली वाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. इथे मुद्दाम राहायला कोणी येत नाही. मीही आलो नाही, मला टाकलं.

जन्म माझा चिरेखाणीतला. तिथे आम्ही हजारोंनी होतो, कापणीच्या यंत्राखालून एकामागून एक निघालेले, एका मापाचे. चिरा कधी एकटा राहण्यासाठी कापत नाहीत. डावीकडे एक, उजवीकडे एक, वर एक, खाली एक, मध्ये थोडं सिमेंट, अशीच आमची जन्माची जोडी ठरलेली असते. आमचा ट्रक भरला तो गावच्या ग्रामपंचायतीच्या नव्या खोलीसाठी. साधीसुधी खोली नव्हे हं, संगणकाची खोली. सरकारने ठरवलं होतं की यापुढे दाखल्यासाठी, सातबाऱ्यासाठी कोणी तालुक्याला हेलपाटे घालायचे नाहीत. गावातच बसायचं, बटण दाबायचं आणि कागद हातात. खाणीतली माणसं ट्रक भरताना हे बोलत होती आणि मी मनातल्या मनात फुगत होतो.

सड्यावरच्या चढात ट्रक उसळला, माझा कोपरा उडाला. गवंड्याने नंतर शिव्या घालू नयेत म्हणून हमालाने मला तिथेच खाली लोटलं. ट्रक गेला. भावांनी वळून पाहिलं असेल असं मला अजून वाटतं, पण दगडाला मान नसते.

मग बरीच वर्षं काही घडलं नाही. एकदा एका टिटवीने माझ्या सावलीत चार अंडी घातली, ती पिल्लं घेऊन गेली तेव्हा मला आठवडाभर करमलं नाही. एकदा रस्त्याकडेने चर खणणारे लोक आले. माझ्यावर बसून भाकरी खाताना म्हणाले, ही इंटरनेटची वायर, पंचायतीत चालली. म्हणजे भावांची बातमी लागली. भिंतीवर पेटी बसली, पेटीत हिरवा दिवा लागला, मोठ्या लोकांनी नारळ फोडला. पुढच्याच उन्हाळ्यात नळाच्या पाइपासाठी कोणीतरी तिथेच खणलं आणि वायर तुटली. दिवा विझला, खोलीला कुलूप लागलं. संगणक आत आणि माणसं बाहेर. मला हसूही आलं आणि भावांची कीवही आली. ते निदान चौघांत होते.

माझं नशीब उघडलं ते सुदेशमुळे. सुदेश हा खालच्या वाडीतला खलाशी, देवगडच्या बंदरातल्या एका बोटीवर होता. बोटीवरून घरी येताना तो सड्यावरची आडवाट धरायचा. एक दिवस त्याच्या पायात काटा मोडला. माझ्यावर बसला, दोन्ही हात मोकळे करायला फोन माझ्या फुटक्या कोपऱ्यात टेकवला, आणि फोन वाजला. आता वाडीत तेव्हा फोन वाजण्याची पद्धतच नव्हती. वाडीच्या तिन्ही बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला दर्या, रेंजला वाट कुठली? सुदेशने फोन उचलून कानाला लावला, आवाज गेला. परत कोपऱ्यात ठेवला, आवाज आला. असं त्याने चारदा केलं. मग एकटाच मोठ्याने म्हणाला, "आयला, हयसर रेंज येता."

जाण्याआधी त्याने उलटा पडलेल्या मला सरळ केलं, खाली बारके दगड ठोकून बसवलं, डुगडुगतोय का ते बसून पाहिलं. मला तोवर कोणी कामाला लावलं नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. आनंदी तिचं नाव. बारीक अंगाची, घाईने चालणारी, बोलायला कमी. त्यांची मुलगी जान्हवी तेव्हा शाळेत होती. मग शेजारी आले, मग सगळी वाडी. शाळा बंद होऊन फोनवर भरायला लागली तेव्हा तर सकाळी आठपासून माझ्याभोवती छत्र्या लागत. सुदेशने तेव्हा जान्हवीसाठी दुसरा, मोठ्या पडद्याचा फोन घेतला. तिने त्यात पहिला नंबर घातला तो वडिलांचा. नाव लिहिलं बाबा, आणि शेजारी फोटो लावला. गळ्यात टॉवेल, हातात सुरमई, दात दाखवून हसणारा सुदेश.

शाळा पुन्हा उघडली, पण माणसं काही कमी झाली नाहीत. कारण तोवर सरकारची सगळी कामं फोनात शिरली होती. रेशनकार्डाची केवायसी करायला लोक माझ्याकडे यायचे. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचे आणि तो पाठवायला धापा टाकत सडा चढायचे. म्हाताऱ्या बायका माझ्यासमोर बसून फोनकडे बघत डोळे मिचकवायच्या, कारण फोन सांगायचा की तुम्ही जिवंत आहात हे दाखवायला डोळे मिचकवा. एक आजी इतक्या जोरात मिचकवायच्या की फोनने त्यांना तीन वेळा नापास केलं.

यात बाबलीने भर घातली. बाबली म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा वाडीतला जुना माणूस. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, हे काय वेगळं सांगायला नको. एकदा त्याचा स्वतःचा अर्ज पाच दिवस अडकला होता. वैतागून त्याने माझ्यासमोर हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो काय अरज भरूक घेतलो आसा, तेच्यात काय अडचण येत असात ती दूर कर आणि तो पलीकडे पोचव रे म्हाराजा." बाकीचे सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि मेला तो अर्ज गेला की हो. त्या दिवसापासून फॉर्म भरायचा म्हटला की आधी गाऱ्हाणं. कोणी जास्वंद ठेवी, कोणी विड्याचं पान. नवीन ग्रामसेवक पहिल्यांदा सड्यावर आले तेव्हा त्यांनी लांबच चपला काढल्या आणि मला नमस्कार केला. कोणी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

सुदेश समुद्रात असला की आनंदी संध्याकाळच्या आत एकदा तरी वर यायची. त्याचा नंबर तिला पाठ होता. लावायची आणि कान देऊन ऐकायची. पलीकडून बाई सांगायची, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. आनंदी फोन बंद करायची आणि समाधानाने खाली उतरायची. संपर्कक्षेत्राच्या बाहेर म्हणजे बोट खोल पाण्यात आहे, जाळी पडली आहेत, सगळं ठीक आहे. त्या बाईच्या आवाजाचा तिला आधार होता.

तीन वर्षांमागे मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं. इशाऱ्याचा मेसेज किनाऱ्यावरच्या सगळ्या मच्छिमारांच्या फोनवर आला होता, पण बोट तेव्हा रेंजच्या पलीकडे होती. सुदेश जाळं ओढताना पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी कुणकेश्वरच्या बाजूला सापडला. फोन सापडला नाही.

मी दगड आहे, रडता येत नाही. पण तो पावसाळा मी विसरत नाही. तेराव्याचे दिवस झाल्यावर आनंदी पुन्हा वर यायला लागली. फोन माझ्या कोपऱ्यात टेकवायची, नंबर लावायची. बाई सांगायची, संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. आनंदी ऐकून घ्यायची आणि खाली जायची. असं तीन-चार महिने चाललं. एक दिवस नंबर लावला तर पलीकडची बाई दुसरंच बोलली. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. आनंदीने तीनदा लावला. तिन्ही वेळा तेच. मग फोन पदरात गुंडाळून ती बराच वेळ बसून राहिली. त्यानंतर तिने तो नंबर लावला नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती नंबराचीच आहे.

पूर्वी कधीतरी शाळेत आधारला फोन नंबर जोडण्याचं शिबिर झालं होतं. सगळ्यांनी विचार केला, घरात फोन ठेवून उपयोग काय, रेंज कुठे आहे? फोन खरा उपयोगी तो बोटीवर जाणाऱ्या माणसाला, बंदरात गेल्यावर त्याचा वाजतो तरी. म्हणून अर्ध्या वाडीने बायका-पोरांच्या नावापुढे बोटीवरच्या पुरुषांचे नंबर दिले. आनंदीच्या घरीही तिघांच्या आधारला एकच नंबर, सुदेशचा. दुसऱ्या गावचा माणूस असं करणार नाही, पण आमच्या वाडीत तेच शहाणपणाचं होतं.

जान्हवी बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. वडिलांना कुणकेश्वरहून आणलं त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. फॉर्म भरायचा तर आधारच्या नंबरवर ओटीपी येणार, हे तिला माहीत होतं. बारावीच्या परीक्षेआधीपासूनच ती आईच्या मागे लागली होती की देवगडला जाऊन माझ्या आधारचा नंबर बदलून आणूया. शेवटी आनंदी म्हणाली, तुझा अभ्यास बुडवू नको, आधी मी एकटी जाऊन चौकशी करते. मायलेकी मग एकदा दोघी गेल्या, पण तेव्हा जान्हवीचे ठसे झाले आणि सेंटरचं यंत्र बंद पडलं. पुढच्या खेपेला जान्हवीची तोंडी परीक्षा होती. ठसे आधीच झाले होते, फक्त पुढच्या तारखेला पावती दाखवून आईने कागद पुरा करून यायचा, असं ठरलं. आनंदी गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, झालं काम.

काम झालं नव्हतं. हे गावात फक्त मला ठाऊक होतं. कारण दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावर बसून तळेरे गावी दिलेल्या बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रांगेत दोन तास उभी होती. नंबर लागला. टेबलावरच्या माणसाने विचारलं, जुना नंबर काढून टाकायचा ना? तिच्या तोंडून हो निघेना. मागचे लोक ओरडायला लागले तशी ती पावती घेऊन बाहेर पडली. बहीण रागावली असावी, कारण आनंदी नुसतं हूं हूं करत होती. जाईन परत, म्हणाली. पण दिवस गेले आणि ती गेली नाही. मला ओरडून जान्हवीला सांगावंसं वाटायचं. दगडाच्या जन्माचा मला असा राग कधी आला नव्हता.

फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला. पोर्टल आठ दिवस कोलमडलेलं होतं, त्या दिवशी उघडलं, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. जान्हवी तीन वाजता वर आली, सोबत आनंदी आणि छत्री धरायला बाबली. पाऊस मध्येच यायचा, मध्येच जायचा. बाबलीने गाऱ्हाणं घातलं. मुलीने सगळं भरलं, मार्क भरले, फोटो चढवला. चारच्या सुमाराला पडद्यावर आलं, आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तिघंही फोनकडे बघत बसली. फोन गप्प. जान्हवीने पडद्यावरचे शेवटचे चार आकडे वाचले आणि तिचा चेहरा उतरला.

"आये, हो बाबांचो नंबर."

आनंदी समुद्राकडे बघायला लागली.

"तू देवगडाक जावन इलंस ना? नंबर बदललंस ना?"

"गेल्लंय," आनंदी म्हणाली. "बदलूक नाय."

"कित्याक?"

"त्या माणसान इचारल्यान, जुनो नंबर काढून टाकूचो काय म्हणान. माझ्या तोंडातून व्हय येवक नाय गो."

जान्हवी आईवर चिडेल असं मला वाटलं. तिने ओढणीने पडद्यावरचं पाणी पुसलं आणि खाली मान घालून बसली. ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. बाबलीने घसा साफ केला आणि पुन्हा हात जोडायला लागला. आनंदीने त्याला थांबवलं. फोन उचलला आणि दीड वर्षात लावला नव्हता तो नंबर लावला. नंबर अस्तित्वात नाही हे तिला माहीत होतं. तरी लावला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं तिच्याकडे.

फोन वाजला.

पलीकडे घंटी जात होती. आनंदीने घाईघाईने फोन माझ्या कोपऱ्यात ठेवला. पडद्यावर सुरमई धरून सुदेश हसत होता. मग कोणीतरी उचलला आणि एक परका आवाज म्हणाला, "हॅलो, कोण बोलतंय?"

कंपनीने तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकला होता. जान्हवीने शाळेतल्या मराठीत भराभर सांगितलं की आमचा ओटीपी तुमच्या फोनवर आलाय, तेवढा सांगा. त्या माणसाने पुरतं ऐकलंही नाही. ओटीपी कोणाला सांगू नका असं सरकार रोज सांगतंय, फसवायला दुसरा कोणी बघा, म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं काय चुकलं? मी स्वतः हजार वेळा ती सूचना ऐकली होती.

ओटीपीची मुदत संपली. पडद्यावर आलं, आणखी दोनदा मागवता येईल. घड्याळात साडेचार होत आले होते. आनंदी माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि नंबर पुन्हा लावला. या वेळी ती बोलली, तहसील कचेरीत बोलतात तसं, जपून.

"नमस्कार. मी आनंदी बोलते. फोन ठेवू नका. आकडे सांगू नका, पण ऐका. हा नंबर माझ्या नवऱ्याचा होता."

त्याने फोन ठेवला नव्हता.

"तो बोटीर खलाशी होतो," ती म्हणाली, आणि कचेरीची मराठी तिच्या हातून निसटली. "दोन वर्सामागे दर्यात गेलो. फोनय तेच्याबरोबर गेलो. माका तो नंबर कागदावरसून काढूक जमाक नाय. चूक माझी आसा, चेडवाची नाय. तिका शिकूचा आसा."

तो माणूस म्हणाला, "बोटीवर, म्हंजे समुद्रातलं?"

"व्हय."

"म्हणून व्हय," तो म्हणाला. मग हळूहळू बोलायला लागला. ओंकार त्याचं नाव, सांगलीकडच्या कोरड्या मुलखातला, द्राक्षाच्या बागेत कामाला. सिम घेतल्यापासून त्याच्या फोनवर सारखे मेसेज येतात. समुद्र खवळला आहे, वारा सुटणार आहे, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये. बागेतली पोरं त्याची चेष्टा करतात, आज समुद्रात जाऊ नको रे म्हणून. आणि त्याने तर अजून समुद्र बघितलाच नाही.

"ते मेसेज त्यांचं व्हतं," तो म्हणाला. "मावशी, परत पाठवा तो ओटीपी. आला की सांगतो."

जान्हवीने बटण दाबलं. त्याने एकेक आकडा सावकाश वाचला, पुन्हा एकदा वाचून खात्री केली. सहाही आकडे बसले. पाचाला बारा मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी खूण आली. जान्हवीने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मग ती रडली, आणि आनंदीही. बाबली एकटाच हळू आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

जान्हवीला कोल्हापूरला प्रवेश मिळाला. जायच्या आधी मायलेकी देवगडला गेल्या आणि दोघींच्या आधारवरचा नंबर बदलून आल्या. आनंदीने स्वतः हो म्हटलं, असं जान्हवी मैत्रिणीला सांगत होती. मुलीने कोल्हापुरात दुसरा फोन घेतला, जुना आईकडे राहिला.

त्यानंतर सहा महिन्यांत टॉवर आला. जिथे रेंज नाही त्या गावांना टॉवर, अशी सरकारचीच योजना होती. सड्याच्या पलीकडच्या टोकाला उभा आहे, रात्री वर लाल दिवा लागतो. पंचायतीतली वायरही जोडली गेली, कुलूप उघडलं, भावांच्या खोलीत आता दाखले निघतात. खाली प्रत्येक स्वयंपाकघरात फोन वाजतो. आजी चुलीसमोर बसून डोळे मिचकवतात आणि पहिल्या फेरीत पास होतात. चांगलं झालं, मी खोटं बोलणार नाही. माझ्यासमोर जितकी गाऱ्हाणी घातली गेली ती सगळी पावली, आणि म्हणून तर आता इथे कोणी येत नाही.

पहिले काही दिवस मी वाट पाहिली. वाटायचं, टॉवर बंद पडेल एखाद्या दिवशी. दोनदा पडलाही. पण लोक घरीच थांबले, येईल थोड्या वेळात म्हणाले. शेवटचं जास्वंद माझ्यावर वाळून उडून गेलं. करवंदीची जाळी इतकी पसरली आहे की एका बाजूने मी दिसत नाही. बाबलीचा पुतण्या मध्यंतरी येऊन मला हलवून बघून गेला, गोठ्याच्या पायरीला चिरा हवा होता त्याला. कोपरा फुटका बघून सोडून गेला. खरं सांगू, मला गोठ्याची पायरीही चालली असती. चार भावांच्या शेजारी बसायला मिळालं असतं.

आनंदी मात्र येते. रोज नाही, महिन्यातून एक-दोनदा. तिच्या घरात आता कोणी नाही आणि माझ्या सड्यावरही कोणी नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. ती बसते, सवयीने फोन माझ्या फुटक्या कोपऱ्यात टेकवते. रेंजसाठी त्याची आता गरज नाही हे तिलाही कळतं. ओंकार त्या दिवसानंतरही अधूनमधून फोन करतो; एकदा त्याने फोनवरून समुद्र दाखवा म्हटलं, तेव्हा तिने फोन उलटा करून माझ्या कोपऱ्यात समुद्राकडे तोंड करून उभा केला. इतक्या वर्षांत माणसांनी फोन स्वतःकडेच वळवून ठेवले होते, समुद्राकडे पहिल्यांदाच कोणी वळवला. ओंकार म्हणाला, "लई मोठा हाय ओ." आनंदी म्हणाली, व्हय.

इशाऱ्याचे मेसेज अजून त्याच्याकडेच जातात. मच्छिमारांच्या यादीतून तो नंबर कोणी काढलेला नाही, आणि आनंदीने तसा अर्जही केला नाही. मेसेज आला की तो तिला फोन करतो. मावशी, उद्या वारा आहे म्हणे, तिकडे सांगा सगळ्यांना. आता तिच्या घरातून समुद्रात जाणारं कोणी उरलेलं नाही. तरी ती सांगते म्हणते, आणि खाली जाऊन वाडीत खरंच सांगते.

एक गोष्ट तिने बदललेली नाही. फोनमध्ये त्या नंबरापुढे अजून बाबा लिहिलेलं आहे आणि तोच फोटो आहे. ओंकारचा फोन आला की पडदा उजळतो आणि माझ्या कोपऱ्यात सुदेश सुरमई धरून हसायला लागतो.

मी फार काही मागत नाही. कधी देवगडला आलात, आंबे-बिंबे घेऊन झाले, तर सड्यावरून या. माझ्यावर घटकाभर बसा, फोन खिशातच राहू द्या. फक्त आनंदी आधीच बसलेली असेल आणि तिचा फोन वाजत असेल, तर थोडे लांबच थांबा. फोन उचला म्हणून तिला सांगू नका. तिला ऐकू येत असतं. ती तो थोडा वेळ वाजू देते.